मुरलेलें काळें मद्य

मुंबई-पुणें लोहमार्ग बोरघाट चढून १८६३ सालीं सलग झाला. तत्पूर्वीं पुण्यास जाणारा उतारू मुंबईस पडावांत बसे, घारापुरी मागें टाकी, न्हाव्याच्या टोकावरून पनवेलच्या खाडींत शिरे आणि भरतीची वेळ साधून पनवेलच्या धक्क्यास लागे. पुढें सर जॉन माल्कम यांनीं १८३० मध्यें खुला केलेला घाटाचा गाडीरस्ता होताच. १८१७ च्या लढाईनंतर पुणें व खडकी येथें ज्या छावण्या वसल्या, त्यांच्या सामानाचीहि सरळ वाट हीच. त्या सामानांत गोऱ्या शिपायांसाठीं विलायतेहून आलेल्या काळ्या बियरचीं, म्हणजे पोर्टरचीं, लांकडी पिंपें असत. हिंदुस्थानचें नांव कायमचें चिकटलें तें मात्र साहेबांच्या मेजावरील फिकट बियरला. शिपायाच्या पेल्याची आठवण कोण ठेवतो?

पोर्टर ही लंडनची. अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथील हमालांत ती प्रिय झाली व त्यांच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली. जव भिजवून, मोड आणून तो करपेपर्यंत भाजावयाचा, त्याचा अर्क काढावयाचा, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें उकळावयाचीं आणि तें आंबवून महिनेच्या महिने प्रचंड लांकडी टांक्यांत मुरत ठेवावयाचें, अशी तिची कृति. या टांक्या मोठ्या करण्याची कारखानदारांत चढाओढच लागली होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजीं लंडनच्या म्यूक्स कंपनीची एक टांकी फुटली आणि त्या लोंढ्यानें शेजारच्या गरीब वस्तींतील आठ जणांचा बळी घेतला.

पोर्टरपैकीं जी अधिक दमदार, तिला ‘स्टाउट’ हें विशेषण लागलें व पुढें तेंच नाम झालें. लंडनच्या साउथवर्क भागांतील थ्रेल यांचा कारखाना या बाबतींत विशेष नांवाजलेला. थ्रेल वारल्यावर १७८१ मध्यें तो १,३५,००० पौंडांस विकला गेला व पुढें बार्कले पर्किन्स या नांवानें चालला. त्या विक्रीच्या व्यवस्थेंत कोशकार डॉ. जॉन्सन हेहि होते. जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकारानें १७९६ च्या रोजनिशींत या कारखान्याच्या पोर्टरची नोंद केली आहे. ती रशियाच्या सम्राज्ञीसाठीं मुद्दाम केलेली असून सात वर्षें टिकेल, असें त्यास सांगण्यांत आलें होतें. ‘इंपीरियल स्टाउट’ या आजच्या नांवाचें मूळ या रशियन व्यापारांत आहे.

सात वर्षें टिकणें म्हणजे नुसतें न नासणें नव्हे. मुरंबा पहिल्या महिन्यांत वेगळा लागतो आणि वर्षानें वेगळा, तसाच प्रकार येथें होतो. भरपूर मद्यार्क व हॉपचा कडवटपणा यांमुळें नासविणारे जंतु दूर राहतात. कांहीं सावकाश काम करणारे मात्र टिकून राहतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील क्लाउसेन यांनीं १९०४ मध्यें दाखवून दिलें कीं, जुन्या इंग्लिश बियरचा खास गंध एका निराळ्या यीस्टमुळें येतो. त्यास त्यांनीं ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असें नांव दिलें. शतकभर ज्या गुणाची वाखाणणी चालली होती, त्याचा कर्ता लांकडाच्या भेगांत लपून बसला होता!

लांकडाची स्वतःची चव मात्र त्या काळच्या कारखानदारास नकोच असे. तो बाल्टिक किनाऱ्यावरील ओक पसंत करी, कारण त्याचा गंध पेयांत फारसा उतरत नाहीं. अमेरिकन ओक तो टाळी. आज नेमकें उलट झालें आहे. अमेरिकेंत बूर्बाँ व्हिस्की नव्या, आंतून जाळलेल्या ओकच्या भांड्यांतच मुरवावी असा कायदा असल्यामुळें एकदां वापरलेलीं पिंपें तेथें ढिगानें विक्रीस निघतात. शिकागोच्या गूज आयलंड कारखान्यानें १९९० नंतरच्या दशकांत अशा पिंपांत इंपीरियल स्टाउट भरून पाहिली, आणि तेव्हांपासून ही रीत जगभर पसरली. जळक्या ओकमधून व्हॅनिलाचा व खोबऱ्याचा गंध येतो, लांकडांत मुरलेली व्हिस्की थोडीशी बियरमध्यें उतरते, आणि आठ-दहा महिन्यांनीं भाजक्या जवाचा उग्र कडूपणा निवळून कॉफी, खजूर, मनुका यांची आठवण देणारी चव तयार होते.

ज्या खाडीनें पोर्टरचीं पिंपें गेलीं, तिच्या दक्षिणेस शेव्यापासून जवळच उरण आहे, आणि तेथें दुसऱ्याच एका मद्याचा इतिहास घडला. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचें काम सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांत एकवटण्यांत आलें. उरण हें त्याचें मोठें केंद्र झालें. भट्ट्या बहुतांशीं पारशी मालकांच्या, आणि फुलें मोहाचीं, पंचमहालाकडून येणारीं. कर बसे तो दारूच्या तेजीवर, आणि ती तेजी हायड्रोमीटर सांगे. दारू कालची कीं तीन वर्षांची, गोड वासाची कीं धुरकट, हें त्या नळीस कळत नाहीं. साहजिकच ती गाळली कीं विकली जाई. मुरविण्याची रीत पडण्यास कांहीं कारणच उरलें नाहीं. १८९२ च्या कायद्यानें तर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावर व आणण्या-नेण्यावरच निर्बंध घातले. हीं फुलें गरिबांचें अन्न व गुरांचें खाद्य आहेत, हें त्या वेळीं लोकांनीं सांगून पाहिलें होतें. दोन्हीं मद्यांच्या गुणांत जें अंतर मानलें जातें, त्यांतलें बरेंचसें जवाचें किंवा मोहाचें नसून, एकास मुदत मिळाली व दुसऱ्यास ती मिळाली नाहीं, एवढ्यावर उभें आहे.

मोजण्याच्या नळीचा अंमल आजहि सरलेला नाहीं. शेव्यास १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालूं आहे, आणि पुण्यांत व मुंबईंत बियरच्या लहान लहान भट्ट्या निघाल्या आहेत. परंतु भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ मध्यें ठरविलेल्या मानकांत बियरच्या मद्यार्काची मर्यादा शेंकडा ८ आहे. पिंपांत मुरविलेली इंपीरियल स्टाउट बहुधा शेंकडा १० ते १४ असते. म्हणजे व्याख्येप्रमाणें ती बियरच नव्हे. पाण्यानें हलकी करून ती ८ वर आणली, तर वर्षानुवर्षें मुरण्याचें बळ तिच्यांत राहत नाहीं.

ज्या घरीं अशी बाटली येईल, तेथें कोंकणच्या हवेचा विचार प्रथम करावा लागतो. विलायतेंतील तळघर बारा-तेरा अंशांवर असतें; पनवेल-उरणकडील घरांतील कपाट उन्हाळ्यांत तिशीच्या वर जातें. त्या उष्म्यांत बाटली पांच वर्षांचें वय एका वर्षांत गांठते, आणि तेंहि बिघडून. मनुकांचा गंध जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. तिला थंड, अंधारी जागा हवी, कारण प्रकाशानें हॉपचा वास बिघडतो. बाटली उभी ठेवावी, वाइनप्रमाणें आडवी नव्हे. उभी असतां हवेशीं संबंध कमी येतो व गाळ तळाशीं बसतो. जुन्या घरांतील पाण्याच्या माठाजवळचा कोपरा त्यांतल्या त्यांत बरा, पण वर्षानुवर्षें ठेवावयाची तर शीतकपाटच हवें.

प्यावयाच्या अर्धा तास आधीं बाटली बाहेर काढावी. बर्फगार असतां जीभ बधिर होते आणि गंध उमलत नाहीं; तेरा-चौदा अंशांस तो मोकळा होतो. पेला लहान, पोटाशीं फुगीर व तोंडाशीं निमुळता असावा, आणि अर्ध्याहून कमी भरावा. प्रथम नाकानें घ्यावी, मग घोट तोंडांत क्षणभर फिरवावा. भाजकेपणा आधीं येतो, लांकूड मागाहून. एक बाटली चौघांत पुरते, एकट्यास ती जड होते. ओततांना तळचा गाळ बाटलींतच राहूं द्यावा. एकदां उघडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवण्यासारखी नसते.