सूक्ष्मलहरींची घरगुती भट्टी

धारवाडच्या आमच्या एका स्नेह्यांचा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. भंगारातील तीन मायक्रोवेव्ह ओव्हनचे भाग एकत्र जोडून प्रयोगांसाठी जबर शक्तीची भट्टी घरीच उभारावी, असा त्याचा बेत होता. आजोबांनी आमचे मत विचारले. आम्ही त्यास थोडा इतिहास सांगितला.

घरगुती उपकरणांची परंपरा आपल्या देशात थोर आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहरींच्या योगे, मधल्या भिंतींपलीकडे, घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. प्रेसिडेन्सी कॉलेजात साधनांची वानवा होती. म्हणून पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराकडून त्यांनी उपकरणे घडवून घेतली. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत धातूचा वर्ख घालून त्यांनी लहरींच्या ध्रुवीकरणाचा प्रयोग केला. परंतु त्यांच्या लहरी ठिणगीतून निघणाऱ्या, अल्प शक्तीच्या होत्या. हेतू मापनाचा होता, तापविण्याचा नव्हे.

शक्ती आली ती युद्धामुळे. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडॉल व बूट यांनी रडारसाठी पोकळीयुक्त मॅग्नेट्रॉन सिद्ध केला. १९४५ मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील चॉकलेट मॅग्नेट्रॉनजवळ वितळले, आणि अन्न शिजविण्याची कल्पना पुढे आली. १९४७ ची पहिली भट्टी पुरुषभर उंच व सुमारे ३४० किलो वजनाची होती. लहरी धातूच्या पेटीत कोंडणे, हेच तिचे मर्म. आजच्या ओव्हनमधील लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांब असते. दारावरील जाळीच्या बारीक छिद्रांतून ती बाहेर पडू शकत नाही. पेटी उघडली की हे संरक्षण संपले. डोळ्यांतील भिंगास उष्णता वाहून नेणारे रक्त मिळत नाही, म्हणून इजा प्रथम तेथेच संभवते. शिवाय आतील रोहित्र २००० व्होल्टच्या घरात दाब देते, आणि प्लग काढल्यावरही धारित्रात प्राणघातक भार उरतो.

जबर शक्तीच्या सूक्ष्मलहरींचे स्वदेशी काम आपल्याकडे झाले, ते संस्थांच्या छत्राखाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून १९८४ साली ‘समीर’ ही संस्था उभी राहिली. कर्करोगावरील किरणोपचारांची रेखीय त्वरक यंत्रे तिने देशात घडविली. त्यांत इलेक्ट्रॉनांना वेग देतात त्या सूक्ष्मलहरीच.

नातवाने भंगार परत केले. अल्प शक्तीचे, बोसांच्या धर्तीचे उपकरण तो आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली जोडतो आहे. रेल्वेचे जुने वेळापत्रक मात्र त्याने आमच्याकडूनच नेले.