लशीच्या कुपींत आणखी काय असतें?

तान्ह्या मुलाला लस टोंचण्याची वेळ आली म्हणजे आई हळूच विचारते, "या कुपींत लशीखेरीज आणखी काय घातलें आहे?" पुष्कळदां हा प्रश्न हंसण्यावारी नेला जातो. तसें करणें योग्य नव्हे. प्रश्न रास्त आहे; आणि त्याचें उत्तर रसायनशास्त्राइतकेंच इतिहासांतही सांपडतें.

प्रथम मुंबईकडेच पाहूं. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील ही पहिली लस. बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें आलेला तो रस टिकविण्याचें चांगलें साधन त्या काळीं नव्हतें. म्हणून एका मुलाच्या दंडावर फोड आला कीं त्यांतील रस काढून दुसऱ्याच्या दंडास लावीत. त्या लशींत बाहेरचें कोणतेंही द्रव्य मिसळलेलें नसे, हें खरें. पण म्हणून ती शुद्ध होती काय? ज्या मुलाचा रस, त्याच्या अंगचा रोगही त्याबरोबर जाई. १८६१ सालीं इटलींतील रिव्हाल्टा येथें अशाच रीतीनें कित्येक निरोगी मुलांस उपदंश जडला. पुढें वासरांच्या अंगावर लस तयार होऊं लागली. आणि तींत ग्लिसरीन मिसळल्यास इतर रोगजंतु हळूहळू मरतात, लस मात्र टिकते, असें कोपमन यांनीं १८९१ च्या सुमारास दाखवून दिलें. मिसळलेल्या द्रव्यानें लस बिघडली नाहीं, उलट अधिक निर्धोक झाली.

दुसरी हकीकत प्लेगच्या लशीची. ही लस हाफकिन यांनीं मुंबईंत तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस ती देण्यांत आली. त्यांपैकीं एकाच कुपींतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. हाफकिन यांनीं कार्बोलिक ॲसिड वगळून उष्णतेनें जंतुनाश करण्याची रीत स्वीकारली होती; तेव्हां सारा दोष त्यांच्या माथीं आला व त्यांना अधिकारपद गमवावें लागलें. वस्तुतः कुपी उघडतेवेळीं चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरण्यांत आला होता. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं बाजू घेतल्यावर १९०७ सालीं हाफकिन निर्दोष ठरले. आणि १९२५ सालीं परळच्या त्या प्रयोगशाळेस त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

तिसरी हकीकत सर्वांत दुःखद. जानेवारी १९२८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील बंडाबर्ग गांवीं घटसर्पाची लस घेतल्यावर १२ मुलें मरण पावलीं. लशींत स्वतःचा दोष नव्हता. कुपी अनेक मात्रांची होती. तींतून पूर्वीं लस काढली होती, व पुढें उन्हाळ्याच्या दिवसांत त्याच कुपींत बाहेरचे जंतु वाढले. त्यांना मारणारें द्रव्य तींत मुळींच नव्हतें. तें नसलेली लस अनेक मात्रांच्या कुपींत देऊं नये, असा निर्णय चौकशी मंडळानें दिला.

याच काळांत थायोमर्सल हें द्रव्य प्रचारांत आलें. त्यांत पारा असतो. पारा म्हटल्याबरोबर आईच्या मनांत भय उभें राहणें साहजिक आहे. परंतु लशीच्या अर्ध्या मिलिलिटरच्या मात्रेंत हा पारा साधारणतः २५ मायक्रोग्राम, म्हणजे ग्रामच्या दशलक्षांश भागाच्या पंचवीसपट, इतकाच असतो. शिवाय माशांतून पोटांत जाणारा पारा मेथिल जातीचा, शरीरांत दीर्घकाळ रेंगाळणारा. हा एथिल जातीचा, लौकर बाहेर पडणारा. १९९९ सालीं अमेरिकेंत बालकांच्या लशींतून तें काढण्याचा सल्ला देण्यांत आला, तो खबरदारी म्हणून. अपाय सिद्ध झाला म्हणून नव्हे. डेन्मार्कमध्यें तें १९९२ सालींच बंद झालें, तरी मुलांतील स्वमग्नतेच्या नोंदी तेथें पुढेंही वाढतच गेल्या. यावरून दोष त्या द्रव्याकडे जात नाहीं, हें उघड आहे.

मग आईनें कांहींच विचारूं नये काय? अवश्य विचारावें. मुलास पूर्वीं एखाद्या लशीनें वा अन्नानें तीव्र बाधा झाली असल्यास तें डॉक्टरांस आधीं सांगावें. गोवराच्या लशीसारख्या जिवंत लशींत जंतुनाशक घालतां येत नाहीं. कारण तें लशीलाच मारील. म्हणून ती पाण्यांत कालविल्यावर थंड ठेवून चार तासांच्या आंत वापरावी व उरलेली फेंकून द्यावी, असा नियम आहे. तेव्हां कुपी किती वाजतां उघडली, सुई नवी आहे काय, हें विचारण्याचा मातापित्यांस पूर्ण अधिकार आहे. मुलकोवालच्या व बंडाबर्गच्या त्या मृतांनीं हा नियम आपल्यासाठीं लिहून ठेविला आहे. तो पाळला जातो कीं नाहीं, हें पाहणें आपल्या हातीं आहे.