डाव्या हाताचा इतिहास

गेले वर्षभर दर शनिवारी दुपारी आम्ही तिघे अध्यापक महाविद्यालयातील एका कोपऱ्याच्या खोलीत पियानो शिकावयास जातो. तिघेही मराठीचे, तिघांनीही चाळिशी ओलांडलेली. वाद्य विजेवर चालणारे आहे. दोनशेहून अधिक ताणलेल्या तारा आणि लाकडी ध्वनिफलक असलेला खरा पियानो नागपूरचा मे महिना व त्यापाठोपाठचा पावसाळा यांच्या कचाट्यात सुरात ठेवणे ही खर्चाची बाब आहे. शिकविणाऱ्या बाई वयाने आमच्या माजी विद्यार्थिनी शोभाव्यात अशा आहेत. त्या आम्हांला अदबीने ‘सर’ म्हणतात आणि तितक्याच अदबीने दर दोन मिनिटांनी म्हणतात, ‘सर, डावा हात!’

आमच्यापैकी एकाने लहानपणी पेटी शिकून गांधर्व महाविद्यालयाची ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षा दिली होती. त्याचा उजवा हात पहिल्याच दिवशी सहज चालू लागला. डावा हात मात्र नकळत वाद्याच्या पाठीमागे जाई आणि तिथे नसलेला भाता शोधी. आम्ही हसलो खरे, परंतु ज्यांनी कधी पेटीला हात लावला नव्हता, त्या आम्हा दोघांचा डावा हातही तितकाच मुका होता. भाता कधी न ओढलेल्या हातालाही दुसरे काही सुचू नये, याचे कारण काय असावे? प्रस्तुत लेखाचा जन्म या प्रश्नातून झाला.

प्रथम भात्याविषयी. अलेक्सांद्र दबँ या फ्रेंच कारागिराने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये घडविलेली हार्मोनियम खुर्चीवर बसून, पायांनी हवा भरून वाजवावयाची होती, म्हणजे दोन्ही हात मोकळे. तिचे आजचे देशी रूप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात घडले. द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या पेढीचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. आपला गायक जमिनीवर बसतो, साथीदारही त्याच्याजवळ जमिनीवर बसतो. तेव्हा पाय निकामी झाले आणि हवा भरण्याचे काम डाव्या हाताकडे आले. भाता वाद्याच्या मागे गेला, पेटी स्वस्त झाली आणि हातात उचलून नेता येऊ लागली. एका हाताच्या बदल्यात हे वाद्य घरोघरी पोहोचले.

येथवरचा इतिहास वाचला की डाव्या हाताची अडचण भात्यामुळेच झाली असे वाटू लागते. आम्हांलाही तसे वाटले होते. परंतु मराठी रंगभूमीचा दाखला या तर्काच्या आड येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून (१८८०) सुरू झालेल्या संगीत नाटकाने पुढील काळात पेटीबरोबर पायांनी वाजवावयाचा ऑर्गनही जवळ केला. बालगंधर्वांच्या पदांमागे ऐकू येणारा तो भरदार स्वर याच ऑर्गनचा. तेथे वादक खुर्चीवर, पाय पायट्यांवर आणि दोन्ही हात मोकळे! त्या मोकळ्या डाव्या हाताने काय केले? बहुतांशी उजव्या हाताचीच चाल खालच्या सप्तकात धरली, किंवा षड्जाचा आधार दिला. स्वरांच्या संवादी जुळण्या रचीत स्वतंत्र वाटेने तो गेला नाही. कारण गाणाऱ्याला त्याची गरज नव्हती.

याचा अर्थ असा की दोष भात्याचा नव्हे. किंबहुना तो दोषच नव्हे. आपले संगीत एका रेषेचे आहे. त्या रेषेखाली तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो आणि सारी श्रीमंती त्या एका रेषेच्या वळणांत, मींडेत, स्वराच्या लागण्यात साठविलेली असते. पाश्चात्त्य संगीताने गेल्या काही शतकांत अनेक स्वररेषा एकाच वेळी चालविण्याची विद्या वाढविली. पियानोचा दुसरा हात हा त्या विद्येचा हात आहे. आमच्यापुढे स्वरलेखनाचे पुस्तक उघडले जाते तेव्हा त्यात एकाखाली एक अशा पंचरेषांच्या दोन ओळी असतात आणि त्या एकाच क्षणी वाचावयाच्या असतात. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वर, शब्द आणि तालखुणा यांच्या ओळी एकाखाली एक येतात; परंतु त्या सर्व मिळून चाल एकच सांगतात. वर्षानुवर्षे ओवी, अभंग आणि पद एका ओळीत ऐकलेल्या कानांना दोन ओळी ऐकू येण्यास वेळ लागतो. हात त्या कानांच्याच मागे चालतो.

आता दुसरी गोष्ट, आठवड्याच्या तासाची. ठरलेल्या वारी, ठरलेल्या घटकेला, फी भरून संगीत शिकणे ही कल्पनादेखील आपल्याकडे फार जुनी नाही. गुरूच्या घरी राहून, त्याची सेवा करून, तो गाईल तेव्हा ऐकून विद्या मिळवावयाची, ही रीत होती. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज निघाला. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणले. छापील पुस्तके, इयत्ता, वेळापत्रक, परीक्षा असा शाळेचा सारा सरंजाम संगीताला मिळाला. सभ्य घरांतील मुलामुलींना संगीत शिकणे शक्य झाले ते या सरंजामामुळे. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ या परीक्षा आज गावोगावी घेतल्या जातात. इकडे पियानो शिकणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या श्रेणींच्या परीक्षाही त्याच युगातल्या. लंडनचे ट्रिनिटी कॉलेज १८७२ चे, तर तेथील राजसंगीतशाळांचे परीक्षामंडळ १८८९ चे.

या पद्धतीवर आक्षेप पुष्कळ झाले. तासावारी शिकून गवई होत नाही, असे जाणकार म्हणत आले. खुद्द पलुसकरांनाही हे कळत नव्हते असे नाही. सर्वसाधारण वर्गांबरोबरच त्यांनी ‘उपदेशक’ होणाऱ्या शिष्यांना वर्षानुवर्षे आपल्याजवळ ठेवून घेतले ते याचसाठी. वर्गातून तानसेन नव्हे, कानसेन निघतात, हे वचन आपल्याकडे रूढ आहे. ते हिणविण्यासाठी वापरावे की गौरवासाठी, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असते.

आमच्या नागपूरचे उदाहरण मात्र थोडे निराळे आहे. पलुसकरांचे शिष्य शंकरराव सप्रे येथे संगीत विद्यालय चालवीत. त्या विद्यालयात शिकलेल्या मुलांमध्ये वसंतराव देशपांडे होते आणि राम चितळकरही होते. पहिल्याने एका स्वररेषेची श्रीमंती कोठवर नेता येते हे दाखविले. दुसरा पुढे सी. रामचंद्र या नावाने हिंदी चित्रपटसंगीतात शिरला. मिनर्व्हा मुव्हीटोनमध्ये पेटी वाजविण्यापासून आरंभ करून तो ‘अलबेला’पर्यंत (१९५१) पोहोचला. तेथे त्याला साहाय्यक म्हणून लाभला गोव्यातील हळदोण्याचा ट्रंपेटवादक अँतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट.

गोव्याचे हे वादक कोठून आले हे पाहणे येथे अगत्याचे आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवीत. प्रार्थनेत अनेक आवाजी गायन असे. दोन ओळी, चार ओळी एकदम वाचण्याचा सराव त्या मुलांना बालपणीच झाला. इकडे नागपुरास १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या ‘फ्री चर्च’चे मिशनरी. त्या पंथात उपासनेच्या वेळी वाद्य निषिद्ध होते, स्तोत्रे केवळ कंठाने गावयाची. पंथाच्या महासभेने वाद्यांना मोकळीक दिली ती १८८३ मध्ये. हिस्लॉप कॉलेजची स्थापनाही १८८३ चीच, हा योगायोग. धर्म एकच, तरी एका किनाऱ्यावर तो व्हायोलिन घेऊन उतरला आणि मध्यप्रांतात पुस्तक घेऊन आला. पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात पेटीवर चाल बांधणारा नागपूरचा विद्यार्थी आणि तिला स्वरलेखनात उतरवून वाद्यवृंदाचा साज चढविणारे गोमंतकीय वादक एकत्र आले. आमच्या खोलीत जे दोन हात जुळता जुळत नाहीत, ते तेथे दोन माणसांच्या रूपाने जुळले होते.

विदर्भाचा आणखी एक दुवा सांगावयास हवा. अमरावतीस जन्मलेल्या केशवराव भोळ्यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकाला संगीत देऊन जुन्या नाट्यसंगीताची चाकोरी मोडली आणि पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांत पियानो, हवाईयन गिटार, व्हायोलिन ही वाद्ये आणली. मराठी भावगीताच्या कानाला पियानोची ओळख झाली ती अशी.

या साऱ्या काळात पेटीची मात्र परवड चालू होती. तिच्या ठरीव सुरांत श्रुती सापडत नाहीत, मींड निघत नाही, हे आक्षेप जुनेच होते. त्यांवर तोडगा म्हणून कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या पेटीचा खटाटोप केला. तो रुजला नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर काढले आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हा घरोघरी मुले पेटीवर सरगम घोटीत होती आणि त्याच घरांतील रेडिओवर पेटी ऐकू येत नव्हती. घोटणारे थांबले नाहीत. तज्ज्ञांच्या दरबारात नाकारलेले वाद्य आठवड्याच्या तासाने जगविले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

हे सारे आम्ही का उगाळीत बसलो, याचे कारण सांगणे उचित होईल. तासावारी विद्येवरील आक्षेप हा अखेर आमच्याच व्यवसायावरचा आक्षेप आहे. आम्हीही पन्नास मिनिटांच्या तासिकेत तुकोबा शिकवितो. घंटा वाजली की अभंग अर्धा टाकून हजेरी घेतो. त्यातून कवी निर्माण होत नाहीत हे आम्हांला ठाऊक आहे. वीस वर्षे शिकविल्यावर मनात असा संशय येऊ लागतो, की निर्माण होते तरी काय? शनिवारच्या खोलीत बाकाच्या पलीकडच्या बाजूला बसल्यावर त्याचे थोडेसे उत्तर मिळाले. आम्ही पियानोवादक होणार नाही. परंतु पूर्वी एकच चाल ऐकू येणाऱ्या गाण्यात आता खालून चालणारी दुसरी वाट कधीकधी ऐकू येते आणि बालगंधर्वांच्या ऑर्गनने ती वाट का घेतली नाही हेही कळते. पहिले कळण्यासाठी बोटे झिजवावी लागली, आणि दुसरे कळण्यासाठीही तीच.

आमच्यापैकी एकाने चौथ्या महिन्यात शिकणे सोडले. परीक्षेच्या कामाचे निमित्त झाले. तो अजूनही शनिवारी येतो आणि मागे बसून ऐकतो. पेटी शिकलेल्या आमच्या मित्राचा डावा हात आता भाता शोधीत नाही. तो पट्ट्यांवर येऊन थांबतो, थोडा विचार करतो आणि बहुधा षड्ज-पंचम धरतो. पुस्तकात तसे नसते. बाई एकदा ऐकून घेतात आणि मग नेहमीच्या अदबीने ती ओळ पुन्हा वाजवावयास सांगतात.