एक गाभा, अनेक वितरणे

लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांसाठी सिद्ध केलेले कार्यक्रम एकाच संगणकावर चालविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पुष्कळदा २०१३ साली प्रकट झालेल्या डॉकरपासून सांगितला जातो. हा समज दुरुस्त करणे अवश्य आहे.

लिनस टोरवाल्ड्झ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले ते केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा होय. त्याभोवती लायब्रऱ्या, आज्ञा व साधने यांची जुळणी करून जो संच लोकांच्या हाती पडतो, त्यास वितरण म्हणतात. स्लॅकवेअर व डेबियन ही दोन्ही १९९३ सालची. गाभा समान असता एकाचा कार्यक्रम दुसऱ्यावर का चालू नये? अडचण गाभ्यात नव्हतीच. गाभ्यातील बदलाने जुना कार्यक्रम मोडू नये, हा टोरवाल्ड्झ यांचा कटाक्ष सुपरिचित आहे. भेद होता तो लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांत, फायलींच्या स्थानांत आणि पॅकेजांच्या बांधणीत. रेड हॅटने १९९७ च्या अखेरीस 'सी' भाषेची नवी लायब्ररी स्वीकारली. डेबियनची ती आवृत्ती निघावयास १९९८ चा जुलै उजाडला.

पहिला उपाय एकमताचा. 'लिनक्स स्टँडर्ड बेस' या प्रमाणाची पहिली आवृत्ती २००१ साली निघाली. तिने पॅकेजांसाठी रेड हॅटचीच पद्धत प्रमाण मानली. साहजिकच डेबियनला रूपांतराच्या साधनाचा आधार घ्यावा लागला. २०१५ साली डेबियनने या प्रमाणाचा बहुतेक भाग सोडून दिला. प्रमाण लिहिणे सोपे, त्याबरहुकूम कार्यक्रम बांधणारे मिळणे कठीण!

दुसरा उपाय विभक्तपणाचा, आणि तो लिनक्सहूनही जुना आहे. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' ही सेवा आढळते. तिच्या योगे एखाद्या प्रक्रियेस कोणतीही निर्देशिका मूळ निर्देशिका म्हणून दाखविता येते. डेबियनचा सबंध वृक्ष एका निर्देशिकेत मांडला, की त्यातील कार्यक्रमास आपल्याच लायब्रऱ्या दिसतात. गाभा मात्र यजमानाचा. २००२ साली माउंटांचे व २०१३ साली वापरकर्त्यांचे स्वतंत्र नामावकाश लिनक्समध्ये आले, आणि विशेषाधिकार नसलेल्यासही हे करणे शक्य झाले. डॉकरने यास सुलभ रूप दिले, हे त्याचे खरे श्रेय, कल्पनेचे नव्हे. २०१२ सालचे बेडरॉक लिनक्स याहून धाडसी: ते वितरणांना अलग न कोंडता एकमेकांत मिसळू पाहते.

विभक्तपणाची किंमतही आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील 'हार्टब्लीड' दोष उघड झाला. एकाच वितरणात सामायिक लायब्ररी एकदा बदलली की सर्व कार्यक्रमांचे काम भागते. चार वृक्ष असतील तर चार ठिकाणी बदल करावा लागतो, आणि एखादा विसरला जातो.

शिवाय ही सोय एकमार्गी आहे, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. जुन्या वितरणाचे कार्यक्रम नव्या गाभ्यावर बहुधा चालतात. नव्याचे जुन्यावर चालतीलच असे नाही. ग्नू 'सी' लायब्ररीच्या २०१७ सालच्या २.२६ आवृत्तीस किमान ३.२ चा गाभा लागतो. २.६.३२ च्या गाभ्यावर तिचा वृक्ष कितीही नीट मांडला, तरी त्यातील कार्यक्रम 'गाभा फार जुना' एवढेच सांगून थांबतो.