प्रत्येक कागदामागे एक माणूस

घर घ्यायचे ठरले की माणूस आधी पैशांची जुळवाजुळव करतो. ती कशीबशी जमली की कागदांचे बाड समोर येते आणि तो गांगरतो. करारनामा, मुद्रांक, नोंदणी, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण. एवढे कागद कशाला, असे वाटते. पण मित्रहो, मुंबईतल्या घरांचा शंभर वर्षांचा इतिहास चाळला तर लक्षात येते, की यातले बरेचसे कागद कोणीतरी फसल्यानंतर जन्माला आले आहेत.

शंभर वर्षांपूर्वी साधा माणूस मुंबईत घर विकत घेतच नसे. घर गावाला असे, मुंबईत असे ती खोली. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले, चाळी उठल्या. पण राहणारा भाडेकरूच राहिला. 1915 साली गावदेवीला सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे प्रमुख नाव. एकट्याला जे झेपत नाही ते दहाजणांनी मिळून करायचे, ही साधी कल्पना. आज गल्लोगल्ली 'सोसायटी' हा शब्द ऐकू येतो, त्याचे मूळ अशा प्रयत्नांत आहे.

मग दुसरे महायुद्ध आले, पाठोपाठ फाळणी आली. शहरात माणूस मावेना. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारण 1940 च्या पातळीवर गोठवली. गरिबाला आधार मिळाला, पण दुसरी वाटही फुटली. भाडे वाढत नाही म्हणून घरमालक आधीच एकरकमी पैसे मागू लागला. ही पागडी. पागडी म्हणजे खरे तर डोक्यावरचा मान. इथे ती देताना मान खाली घालावी लागे. कायद्याने ती घेणे गुन्हा होता, म्हणून पावती नाही. आयुष्याची कमाई द्यायची आणि पुराव्याला फक्त घरमालकाचा शब्द. पागडीच्या व्यवहाराला कायद्याची मान्यता मिळायला 1999 चा नवा भाडेनियंत्रण कायदा यावा लागला.

भाड्याची घरे बांधणे परवडेनासे झाले, तेव्हा 'ओनरशिप'चे फ्लॅट आले. नकाशा दाखवायचा, पैसे घ्यायचे, ताबा मात्र लांबवायचा. एकच फ्लॅट दोघांना विकायचा, नकाशातली खोली बांधताना आखडायची, असेही प्रकार होत. तक्रारी इतक्या वाढल्या की 1960 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, आणि 1963 चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. बांधणाऱ्याने जमिनीचा हक्क दाखवावा, मंजूर नकाशा दाखवावा, लेखी करार करून त्याची नोंदणी करावी, आणि करार होण्याआधी किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये, असे त्यात आले. यातले एकेक कलम वाचताना मला त्यामागचा माणूस दिसतो.

पैशाचा प्रश्न उरलाच होता. भविष्यनिर्वाह निधी, बायकोचे दागिने, गावची जमीन, यांतूनच घर उभे राही. 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारदाराला हप्त्याने घर घेण्याची वाट हळूहळू खुली झाली. त्याच वर्षी म्हाडाही स्थापन झाली.

मी कवितेचा माणूस, म्हणून या कागदांतले शब्द मला खुणावतात. दस्तऐवज, खरेदीखत, मालक, हक्क, कबजा, बयाणा, इमारत, जमीन. हे सारे फारसी-अरबीतून आलेले. गहाण आणि तारण संस्कृतातून. साक्षीदारात तर साक्षी संस्कृत आणि 'दार' फारसी. हे सारे शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतात, कुणी कुणाला आडनाव विचारत नाही.

माणसांचे तसे नसते. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने जागा विचारली की काही वेळा ती 'आत्ताच गेलेली' असते. पारशी सोसायटीच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने, एखाद्या संस्थेने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवले तर ते बेकायदा नाही, असे म्हटले. एकत्र येण्याचा हक्क मोठाच आहे. पण एकत्र येणे आणि दार लावून घेणे यांतला उंबरठा फार बारीक असतो. करारात सारे काही लिहिता येते, शेजार मात्र लिहून घेता येत नाही.

आता शेवटचा कागद, ज्याकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. फ्लॅटचा करार नोंदवला म्हणजे खालची जमीन सोसायटीची झाली, असे नाही. त्यासाठी बांधणाऱ्याने सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करून द्यावे लागते. करारात वेगळी मुदत नसेल, तर सोसायटीच्या नोंदणीनंतर 4 महिन्यांत ते व्हावे, असे जुन्या कायद्याखालचे नियम सांगत होते. तरीही कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षे त्याविना राहिल्या. इमारत मोडकळीला येते, पुन्हा बांधायची वेळ येते, तेव्हा कळते की जमीन कागदोपत्री दुसऱ्याचीच आहे. म्हणून 2008 मध्ये दुरुस्ती झाली. बांधणारा टाळाटाळ करत असेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवू शकते.

2016 च्या रेरा कायद्याने पुढचे पाऊल टाकले. आता करार होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. 20 वरून 10 वर यायला आपल्याला 53 वर्षे लागली.

तेव्हा घर घेताना भिंतींचा रंग जरूर पाहा, खिडकीतला वाराही अनुभवा. पण करारनामा शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि जुन्या इमारतीत घर घेत असाल तर एक प्रश्न न विसरता विचारा : जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? आपल्याआधी फसलेल्यांनी हा प्रश्न आपल्यासाठीच मागे ठेवला आहे.