जास्तीच्या गाड्या

माणसाला एका वेळी एकाच मोटारसायकलवर बसता येतं, हे सत्य आमच्या घरात मी सोडून सर्वांना ठाऊक होतं. माझ्याजवळ चार होत्या. जावा, राजदूत, येझदी आणि यामाहा आर. एक्स. 100. यातली एकही मी संग्रह म्हणून जमवलेली नव्हती. लोक जुनी गाडी विकून नवी घेतात. मी नुसतीच नवी घेत गेलो. विकायला काढलेल्या गाडीला गिऱ्हाईक आलं, की मला एकदम तिचे गुण दिसू लागत आणि मी गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवीत असे.

शेवटी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर कागद लागला : 'सभासदांनी आपली जास्तीची वाहने आठ दिवसांत हलवावीत.' नाव कुणाचंच नव्हतं. पण तो कागद वाचायला चिटणीसांनी मला घरून बोलावून नेलं होतं.

"गाड्या चार आणि माणसं दोन," ही म्हणाली. "त्यातही एकाचे गुडघे गेलेले!"

नेमका त्याच आठवड्यात नगरच्या एका ओळखीच्या मेकॅनिकचा निरोप आला. 1942ची बी. एस. ए. एम-20 विकायची आहे, चालू आहे, घेता का? त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण कळायला थोडा इतिहास सांगायला हवा.

बी. एस. ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. 1861 साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. पुढे ती सायकली आणि मोटारसायकली करू लागली, तरी बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका कायम राहिल्या. तिची एम-20 ही गाडी 1936 साली ब्रिटिश लष्कराच्या चाचणीत चक्क नापास झाली. इंजिन फार झिजतं, असा शेरा मिळाला. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि नापास गाडीचं नशीब उघडलं. युद्धकाळात अशा सुमारे 1,26,000 गाड्या लष्कराकडे गेल्या. नापास झालेल्या पोरानं पुढं शाळेचं अध्यक्ष व्हावं, त्यातला हा प्रकार. 1940च्या नोव्हेंबरात जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमचा हा कारखाना फोडला, त्यात 53 कामगार गेले. तरी गाड्या निघतच राहिल्या. 496 सी.सी.चं इंजिन, ताकद 13 अश्वांची. पण हे घोडे टांग्याचे, शर्यतीचे नव्हेत. वेग बेताचा आणि वजन एखाद्या लोखंडी कपाटाएवढं.

युद्ध संपलं आणि या गाड्या 'जास्तीच्या' झाल्या. लष्करानं त्या लिलावात काढल्या. त्याला आपल्याकडे 'डिस्पोजलचा माल' म्हणत. आमचे अण्णा तेव्हा लष्करी हिशेबखात्यात कारकून होते. त्यांनी 1948 साली अशी एक एम-20 घेतली. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडीतून ती आत घेताना टाकीला डाव्या अंगाला पोचा पडला. तो पोचा मी लहानपणी बोटानं चाचपून बघत असे.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं. वाड्यात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर बी. एस. ए. चिखलात हँडलपर्यंत रुतलेली सापडली. अण्णांनी ती आठ दिवस राबून धुतली, चालू केली आणि नवव्या दिवशी तीनशे रुपयांना विकली. त्या पैशांत आमची भांडीकुंडी आणि चार गाद्या आल्या. मी सात वर्षांचा होतो. भोकाड पसरलं. अण्णा एवढंच म्हणाले, "तशी जास्तीचीच होती रे ती." आणि दुसऱ्या दिवसापासून ते कॅम्पात सायकलीनं जाऊ लागले.

तर मी गाड्या विकायला काढल्या. आर. एक्स. 100 तासाभरात गेली. 1985 साली आलेली आणि 1996 साली बंद झालेली ही गाडी; पण तिच्या आवाजावर आजची पोरं नाग पुंगीवर डोलावा तशी डोलतात. घेणाऱ्या मुलानं घासाघीस केली नाही, त्यामुळे मी फार कमी किंमत सांगितली असावी, या विचारानं आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

जावा एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी नेली. यानेचेक हा चेक कारखानदार आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोघांच्या नावांची आद्याक्षरं मिळून 'जावा' झालं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला ती म्हैसूरला 1961 साली बनू लागली, हे सांगितलं. म्हणजे आमची बी. एस. ए. गेली त्याच वर्षी! आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

राजदूत बघायला शिरूरकडचा एक तरुण आला. गाडी सुरू न करताच तो तिच्या मागच्या बाजूला हात फिरवीत उभा राहिला.

"काका, इथं दोन्ही अंगाला आमच्या बापूंच्या किटल्या असायच्या," तो म्हणाला. "वीस वर्षं दूध घातलं त्यांनी राजदूतवर. माझ्या कॉलेजच्या फीसाठी विकली."

मी चाळीस हजार सांगणार होतो. तोंडातून पस्तीस निघाले. ते पाच हजार मी घरच्या हिशेबात 'किरकोळ' या सदरात दाखवले.

राहिली येझदी. तिलाही गिऱ्हाईक आलं. मी पैसे मोजून घेणार, तोच ही आतून आली.

"ती नाही विकायची."

"अगं, पण तूच—"

"1981च्या पावसात रात्री दोनला मला दवाखान्यात कशावरून नेलंत? तुमच्या त्या विलायती बयेवरून?"

गिऱ्हाइकाला मी चहा पाजला.

बी. एस. ए. आली. टेंपोतून उतरवताना मी आधी टाकीच्या डाव्या अंगाला हात फिरवला. गुळगुळीत. पोचा नव्हता. सव्वा लाखांतून नेमकी ती कशी सापडणार? वेड्यासारखं वाटलं खरं. पण मग मनात आलं, अण्णांना तरी त्यांच्या गाडीवर युद्धात कोण बसलं होतं, हे कुठं ठाऊक होतं?

2021च्या सरकारी नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात फार फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरते. तीही रोज वापरायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक अशाच निमित्तानं बाहेर काढायची. मी ते वाचून दाखवल्यावर ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्यात बसत नाही. दात नवे, डोळ्यांतली भिंगं नवी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती सुरू करायला घेतली. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग कार्ब्युरेटरची बारीक कळ पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबायची. हँडलवरचा खटका ठिणगी उशिरा पडेल असा फिरवायचा, नाहीतर किक उलटून पाय मोडतो. एवढी पूजा झाली की किक. अकराव्या किकेला तिनं धूर सोडला आणि 'ढब् ढब्' करीत ती बोलू लागली. साठ वर्षांनी तो आवाज ऐकला. चश्मा पुसावा लागला. धुरानंच असेल.

सगळी सोसायटी गॅलरीत आली. चिटणीस खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बसू का जरा?"

एवढ्यात नातू आला. त्याला नुकतंच अठरावं लागलंय. त्यानं बी. एस. ए.कडे आदरानं पाहिलं आणि मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, आर. एक्स. कुठाय?"

"विकली. जास्तीची होती."

त्याचा चेहरा पाहिला आणि मला पुढचं काही सांगता येईना. सात वर्षांचा असताना माझाही चेहरा बहुधा तसाच झाला असावा.