रेडिएटर वर का चढला

अमेरिकेत लुईझियाना आणि टेक्सासच्या दलदलीत हिंडणाऱ्या काही एटीव्ही, म्हणजे रस्ता नसेल तिथे चालवायच्या फुगीर टायरांच्या गाड्या, पाहिल्या की कुणीतरी घाईघाईत जुळवाजुळव केल्यासारखं वाटतं. रेडिएटर नेहमीच्या जागी, पुढच्या जाळीमागे नसतो. तो हँडलसमोर, सामान बांधायच्या रॅकवर उभा ठोकलेला असतो आणि त्याचे जाड रबरी होज चालवणाऱ्याच्या गुडघ्यांजवळून खाली इंजिनाकडे जातात. दिसायला बेंगरूळ, पण त्यामागे तीनेक दशकांचा अनुभव आहे.

या गाडीची सुरुवात चिखलासाठी झालीच नव्हती. थंडीत मोटरसायकली खपत नाहीत, तेव्हा बर्फातही विकता येईल असं काहीतरी द्या, अशी होंडाच्या अमेरिकी शाखेची मागणी होती. ओसामू ताकेउची या अभियंत्याच्या चमूने त्यावर तीन चाकांची युएस९० काढली. १९७० मध्ये ती ५९५ डॉलरला बाजारात आली. ८९ सीसीचं, सात हॉर्सपॉवरचं इंजिन आणि २२ इंची फुगीर टायर. सस्पेन्शन नावालाही नव्हतं. धक्के खायचं काम टायरच करत. पुढल्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ या चित्रपटात जेम्स बाँड तिच्यावर बसून वाळूत धावला आणि गाडीचं नाव घरोघरी पोचलं.

इंजिन हवेवर थंड होणारं होतं. जवळजवळ आडवा सिलिंडर, त्याच्या अंगावर पातळ पत्र्यांच्या रांगा, समोरून येणारा वारा त्यांतून जाणार आणि उष्णता घेऊन जाणार. बर्फात आणि वाळूत हे ठीक चाललं. चिखलात गणित उलटं फिरतं. पुढचं चाक उडवतं तो राडा थेट त्या रांगांमध्ये भरतो, तापलेल्या धातूवर काही मिनिटांत वाळून पोपडा धरतो, आणि इंजिनाला भर उन्हात गोधडी पांघरावी तशी अवस्था होते. तरीही त्या काळात तक्रारी फार नव्हत्या. कारण साधं आहे : इतक्या अशक्त गाड्या तापायच्या आधीच रुतून बसत.

१९८० च्या दशकात गाड्या रुतेनाशा झाल्या. सुझुकीने १९८२ मध्ये क्वाडरनर एलटी१२५ ही चार चाकांची गाडी आणली. १९८५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटातल्या पोलॅरिसने ट्रेल बॉस काढली; तिला गिअर बदलायची भानगड नव्हती, पट्ट्यावर चालणारं ऑटोमॅटिक होतं. १९८६ ला होंडाची टीआरएक्स३५० आली, चारही चाकांना जोर देणारी. तीन चाकांच्या गाड्या उलटून माणसं दगावत होती, मुलंही. अखेर १९८८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार पाच कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवली. मैदान चार चाकांना मोकळं झालं.

शेतकऱ्याने आणि शिकाऱ्याने चारचाकी एटीव्ही घेतली कामासाठी. दक्षिणेतल्या पोरांनी मात्र ती मुद्दाम खड्ड्यात घातली. लुईझियानात श्रीव्हपोर्टजवळून रेड नदी वाहते. तिच्या काठच्या चिकट मातीला तिकडे गम्बो म्हणतात. टेक्सासच्या ब्लॅकलँड पट्ट्यातली माती तर आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीचीच जातभाई. शास्त्रज्ञ दोन्हींना व्हर्टिसॉल या एकाच गटात धरतात. ओली असताना चिकटते, वाळली की दगड. ज्यांनी पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी काढली आहे त्यांना यापुढचं समजावून सांगायची गरज नाही.

तोवर ताकदवान गाड्यांमध्ये पाण्यावर थंड होणारी इंजिनं रुळत चालली होती. रेडिएटर पुढे आणि त्याच्या मागे पंखा, ही मांडणी थेट मोटारीकडून आलेली. १९०० साली विल्हेल्म मायबाखने ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि अवघं नऊ लिटर पाणी पुरत असे. सगळी करामत हवेला मिळणाऱ्या पृष्ठभागाची. इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा या वाटेने बाहेर पडतो. मायबाखच्या समोर सडक होती. कमरेएवढ्या रेंद्यात नाक खुपसणाऱ्या गाडीच्या पुढ्यात तीच जाळी ठेवणं म्हणजे चिखलाला आवतण.

त्यात चिखलातली चाल मुलखाची उफराटी. गिअर खालचा, इंजिन किंचाळतंय, चाकं गरगरताहेत आणि गाडी माणसाच्या चालीने सरकतेय. उष्णता भरपूर, वारा शून्य. सगळा भार पंख्यावर, आणि त्या पंख्याच्या मोटरीतही गाळ शिरून ती जाम झालेली. आधी लाल दिवा लागतो, मग टाकीतून कूलंट उसळतं, तरी दामटलं तर हेड गॅस्केट जाते. मग गॅरेजवाल्याची दिवाळी.

उपाय कारखान्यात सापडला नाही, तो गॅरेजांत सापडला. लोकांनी रेडिएटर खोलला, लांब होज घातले आणि तो उचलून रॅकवर बसवला. हवा आत घेणाऱ्या नळ्याही हँडलपर्यंत वर नेल्या. श्रीव्हपोर्टची हाय लिफ्टर ही कंपनी गाडी उंच करायचे किट विकते, नावातच ते आहे. रेडिएटर वर न्यायचे तयार किटही तिच्याकडे मिळू लागले. टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिलला तिने भरवलेली ‘मड नॅशनल्स’ ही चिखलाची जत्राच ठरली. पुढे २०११ च्या सुमारास कॅनडाच्या बीआरपीने कॅन-अ‍ॅम आउटलँडरची एक्स एमआर ही आवृत्ती काढली. तिच्यात रेडिएटर कारखान्यातूनच वर बसवलेला होता. पोलॅरिसने तर आपल्या काही गाड्यांना हाय लिफ्टरचं नावच दिलं. गिऱ्हाइकांनी चिखलात बसून काढलेली युक्ती कंपन्यांनी त्यांनाच जादा पैसे घेऊन विकली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

तरी वर चढवलेला रेडिएटरही धुवावाच लागतो. धुण्याची रीत मात्र ठरलेली आहे. इंजिन पूर्ण निवू द्यायचं. तापलेल्या धातूवर गार पाणी मारलं तर तडा जायची भीती. पुढची जाळी काढायची. वाळलेला गाळ आधी भिजत ठेवायचा आणि मग बागेच्या साध्या नळीने इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी सोडायचं, म्हणजे अडकलेली माती आली त्याच वाटेने बाहेर पडते. पुढून मारलं तर ती आणखी आत ठासते. प्रेशर वॉशरचा मोह टाळावा, कारण त्याच्या झोताने बारीक पत्रे आडवे पडतात आणि मग चिखल नसतानाही हवा अडते. शेवटी मागे टॉर्च धरायचा. आरपार उजेड दिसला की काम झालं. पंखा बोटाने फिरवून बघावा, कूलंट इंजिन थंड असतानाच तपासावं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे ट्रकवाल्यांना सांगावं लागत नाही. एटीव्ही घेतलेल्या हौशी मंडळींना सांगावं लागतं.

भारतात ही गाडी उशिरा आली आणि बराच काळ रस्त्यावर यायला तिला मुभाच नव्हती. मुंबई पोलिसांनी ती चौपाट्यांवर गस्तीला वापरली. २०२० च्या अखेरीस पोलॅरिसने स्पोर्ट्समन ५७० चक्क ट्रॅक्टर म्हणून नोंदवून सुमारे आठ लाखांना विकायला काढली. पण बहुतेक मराठी माणसाची तिच्याशी गाठ पडते ती लोणावळ्यासारख्या ठिकाणी, भाड्याच्या ट्रॅकवर आणि ऐन पावसाळ्यात. तिथे बसण्याआधी वाकून पुढच्या जाळीत एकदा डोकावून बघा. आत नुसती मातीच दिसली तर दुसरी गाडी मागा.